बाबांच्या हातून कॉम्प्युटर ‘बिघडतो’ तेव्हा आधी त्यांचा हात बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ७६ वर्षांचे, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, कराडला आईसोबत राहतात, तुम्ही बंगळूरला. वर्षापूर्वी तुम्ही त्यांना विंडोजचा कॉम्प्युटर घेऊन दिला. तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी फोन येतो. कधी फोल्डर गायब, कधी अक्षरं भलतीच उमटतात, कधी पडद्यावर काहीतरी उगवलंय ते जातच नाही. आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणतात, ‘मी काहीच केलं नाही.’ सगळं बंद करून फक्त चार आयकॉन ठेवता येतील का, म्हणजे चुका थांबतील, असं तुम्ही विचारलंय.

ठेवता येतील. मी स्वतः एकदा ते करून बसलोय, म्हणून आधी तेच सांगतो. माझं साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि गेली ९ वर्षं दर शनिवारी मी ज्येष्ठ मंडळींना शिकवतो. सुरुवातीच्या काळात एका काकूंचा कॉम्प्युटर मी असाच जाम करून दिला होता. तीन आयकॉन, बाकी हात लावाल तिथे पासवर्ड. मुलगा खूश, मी खूश. काकू पडद्यावर नातवाचा फोटो लावायला गेल्या तर परवानगी नाही, प्रिंटर जोडायला गेल्या तर परवानगी नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांनी धरून घेतलं. दोन महिन्यांनी गेलो तर मॉनिटरवर क्रोशाचं आच्छादन आणि कीबोर्ड कपाटावर. चुका शून्य झाल्या होत्या, एवढं खरं.

तेव्हापासून मी उलटा विचार करतो. चूक होऊच नये यासाठी थोडंसं, आणि झालेली चूक त्यांची त्यांना मागे घेता यावी यासाठी बरंच काही. पण त्याही आधी नक्की काय घडतंय ते कळायला हवं. ‘मी काहीच केलं नाही’ हे बाबांचं वाक्य बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने खरंच असतं. त्यांनी क्लिक केलेलं असतं. कॉम्प्युटरने ते ‘ओढा’ असं ऐकलेलं असतं.

इथे बसून मला ज्या गोष्टी सांगता येणार नाहीत त्या अशा: त्यांचा हात थरथरतो का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, लॅपटॉप आहे की डेस्कटॉप, आणि शेजारीपाजारी कोणी हाताशी आहे का. यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. आणखी एक, जरा अवघड गोष्ट. काल जमलेली गोष्ट आज अजिबात आठवत नाही, एकच बिल तीनदा भरलं, असं कॉम्प्युटरबाहेरही व्हायला लागलं असेल, तर तो सेटिंगचा प्रश्न नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि बँकेचे व्यवहार त्या कॉम्प्युटरवरून काढून घ्या. खाली लिहितोय ते सगळं असं काही नाही असं धरून.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा अर्धा तास त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसा. बोलायचं नाही, माउस हातातून घ्यायचा नाही. फक्त हाताकडे बघा, पडद्याकडे नको.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांचा ‘पेन्शन’ नावाचा फोल्डर महिन्यातून दोनदा हरवायचा. मी असाच मागे बसलो. गुरुजींनी बाण फोल्डरवर नेला, श्वास रोखला आणि सगळा पंजा खाली दाबला, खडू मोडेल इतक्या जोरात. पहिल्या क्लिकला माउस करंगळीच्या दिशेने घसरला. बटण अजून दाबलेलंच. ‘पेन्शन’ उचलला गेला आणि शेजारच्या ‘फोटो’ फोल्डरमध्ये जाऊन पडला. गुरुजींना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते इतकंच की क्लिक केलं आणि फोल्डर गेला. पाच वर्षांची पेन्शनची कागदपत्रं मुंजीच्या फोटोंत सुखाने पडून होती.

विंडोज मूळचं असं ठरवलेलं असतं की बटण दाबलेलं असताना बाण चारच पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चार बारीक ठिपके, सरकला तरी त्याला ओढणं समजायचं. आपल्या हाताला चार पिक्सेल पुरतात. ७६ वर्षांच्या हाताला नाही पुरत. हा आकडा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची आतली सेटिंग जिथे साठवलेली असतात तिथे, बदलता येतो: करंट युजर, त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप, तिथे ‘ड्रॅगविड्थ’ आणि ‘ड्रॅगहाइट’ अशा दोन नोंदी असतात. मी दोन्ही ३० ते ४० करतो, मग साइन आउट करून परत आत. मुद्दाम ओढायचं असेल तर थोडं जास्त ओढावं लागतं, पण यांना ओढायचं असतं कुठे? रजिस्ट्रीत याआधी हात घातला नसेल तर दुसरं काही तिथे हलवू नका. माझ्या हिशेबाने ‘फोल्डर गायब’ या तक्रारीवर एवढा एकच उपाय सगळ्यात जास्त लागू पडलाय, आणि तो कोणी सांगत नाही.

त्याला जोडून डबल-क्लिक. कंट्रोल पॅनेलमध्ये माउस उघडलं की डबल-क्लिकचा वेग कमी करायची पट्टी आहे, ती बरीच डावीकडे न्या. तरीही जमत नसेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकवर उघडायची सोय आहे. काही जणांना ती फार मानवते. पण ज्यांना सगळीकडे दोनदा क्लिक करायची सवय लागलीये, त्यांना ती मानवत नाही, प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा उघडते. ही सवय इंटरनेटवर जास्त नडते. पैसे भरायच्या पानावरचं बटण दोनदा दाबलं की पोटात गोळा येतोच. आमच्या वर्गात नियम आहे: चित्राला दोन टिचक्या, निळ्या अक्षरांना आणि बटणांना एक. पुरता अचूक नाही, पण पाठ होतो.

बाकी माउसचं पटकन: बाण मोठा आणि काळा किंवा रंगीत करा. कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटतं, ती सोय चालू करा. पडद्यावरची अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशन कमी करू नका, ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. आयकॉन लांब लांब मांडा, म्हणजे एक घसरला तरी दुसऱ्यात पडणार नाही. लॅपटॉप असेल तर त्याला साधा वायरचा माउस जोडा आणि माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील असं सेटिंग करा. टाइप करताना तळहात टेकतो आणि बाण भलत्याच ओळीत उडी मारतो, हे निम्म्या लॅपटॉपवाल्यांचं दुखणं आहे.

आता ‘अक्षरं भलतीच उमटतात’ याकडे येतो. बाबा हेडक्लार्क होते हे तुम्ही सहज लिहिलंत, पण मला ते वाचताच संशय आला. त्यांचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला असणार, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीवर. विंडोजमधला मराठी कीबोर्ड सहसा इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या वेगळ्या मांडणीचा असतो. बोटं जुन्या जागी जातात आणि भलतं अक्षर येतं. ते चूक करत नाहीत; उलट ४० वर्षांपूर्वी शिकलेलं बिनचूक करतायत. त्यांना विचारून बघा. तसं असेल तर रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कीबोर्ड बसवून द्या, मोफत मिळतो. आमच्या वर्गात एक जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले काका दोन महिने एका बोटाने ठोकत होते. मांडणी बदलून दिली, तर दहाही बोटं धावायला लागली आणि सगळा वर्ग उठून बघायला आला.

टाइपरायटरच्या आणखी दोन सवयी बघा. जुन्या इंग्रजी यंत्रांपैकी अनेकांवर एक हा आकडाच नसायचा, त्याजागी लहान ‘एल’ दाबायचे. बाबा पासवर्डात किंवा खाते क्रमांकात तसं करत असतील तर ‘चुकीचा पासवर्ड’ येतच राहणार आणि कागदावर लिहिलेलं मात्र बरोबरच दिसणार. दुसरी, प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. पत्रात चालतं, पण बऱ्याच ठिकाणी एंटर म्हणजे ‘पाठव’, आणि अर्धवट निरोप निघून जातो.

मराठी-इंग्रजी अदलाबदल आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबल्यानेही होते. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये ते शॉर्टकट काढून टाका. विंडोजच्या बटणाबरोबर स्पेसबार दाबला की भाषा बदलते, तेवढं एकच त्यांना शिकवा. घड्याळाशेजारी ‘म’ दिसतोय का बघायचं.

शिफ्टची एक गंमत सांगतो, कारण यावरून माझ्याकडे धडधाकट कीबोर्ड ‘खराब झाला’ म्हणून आलेत. मोठं अक्षर काढायला शिफ्ट दाबून धरतात आणि मग अक्षर शोधत बसतात. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिला की विंडोज विचारतं, फिल्टर की चालू करू का? पाच वेळा शिफ्ट दाबला की विचारतं, स्टिकी की चालू करू का? समोर इंग्रजीत काहीतरी आलं की आपली मंडळी सभ्यपणे ‘यस’ म्हणतात. मग अक्षरं उमटतच नाहीत, किंवा मारून मुटकून उमटतात. या दोन्हींचे शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. याउलट एकच अक्षर ‘नननन’ असं चार वेळा येत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या कीबोर्डमध्ये ‘रिपीट डिले’ लांबवर न्या. कॅप्सलॉक दाबला की ‘टुंग’ असा आवाज येण्याचीही सोय आहे, ती चालू ठेवा. इन्सर्टचं बटण मी सरळ उपटून ड्रॉवरमध्ये टाकतो. काही प्रोग्राममध्ये ते लागलं की पुढची अक्षरं खात सुटतं, आणि गेल्या ९ वर्षांत ते परत मागायला कोणी आलेलं नाही.

हे झालं यंत्राचं. आता मागे घेण्याचं. मी पहिल्या दिवशी चालू-बंद करायला शिकवायच्या आधी दोन गोष्टी शिकवतो: एस्केप आणि कंट्रोल-झेड. काहीही उगवलं की एस्केप. काहीही गेलं की कंट्रोल-झेड. लिहिलेलं पुसलं गेलं तर परत येतं हे अनेकांना माहीत असतं, पण फोल्डर चुकून दुसरीकडे गेला, नाव बदललं गेलं, तरी लगेच कंट्रोल-झेड दाबलं की तेही मागे येतं, हे तरुणांनाही माहीत नसतं. मग मी त्यांच्याकडून मुद्दाम चुका करून घेतो. फोल्डर तयार करा, त्यात चिठ्ठी लिहा, आता उडवा. उडवला? आणा परत. पंधरा मिनिटं हाच खेळ. पहिल्यांदा डिलीट दाबताना बोट हवेतच थांबतं. चौथ्यांदा हसत हसत दाबतात. ब्राउझरसाठी तिसरी जोडी: बंद झालेलं पान कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतं, आणि अक्षरं अचानक मोठी किंवा बारीक झाली तर कंट्रोल-शून्य.

रिसायकल बिनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, पुसण्यापूर्वी विचारण्याची खूण चालू करा. हल्लीच्या विंडोजमध्ये ती मुळात बंद असते. पेनड्राइव्हवरून पुसलेलं मात्र रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. म्हणून लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवरच ठेवून बघत बसायचं नाही. आधी कॉम्प्युटरवर कॉपी करायचे.

बॅकअपसाठी बाहेरच्या हार्डडिस्कवर फाइल हिस्टरी (फाइलींच्या प्रती आपोआप ठेवणारी विंडोजची सोय) लावून ठेवा, बाबांना त्यात काही करावं लागत नाही. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) वापरत असाल तर एक इशारा देऊन ठेवा. फुकटची ५ जीबी भरली की जागा भरल्याचा मेल येतो. ते घाबरून इंटरनेटवरच्या पानावर जाऊन जुने फोटो पुसतात, आणि जोडलेलं असल्यामुळे ते कॉम्प्युटरवरूनही जातात. वैयक्तिक खात्यात पुसलेलं ३० दिवस वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये राहतं, त्याच्या आत तुम्हाला फोन यायला हवा.

फोन यायला हवा, हेच खरं अवघड. चार वेळा ‘बाबा, पुन्हा काय केलंत?’ ऐकलं की पाचव्यांदा फोन येत नाही, आणि मग महिनाभराने कळतं. त्यांना एवढंच सांगा: आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढा, मला पाठवा, मग फोन करा, मधे कशाला हात लावू नका. फोटोमुळे ‘काय दिसतंय?’, ‘काहीतरी इंग्रजीत आहे’ हा अर्धा तास वाचतो. दूरून हात घालायला विंडोजमध्येच क्विक असिस्ट आहे. कोड तुम्ही सांगायचा, तो त्यांनी टाकायचा. तुम्ही समोर असताना दोनदा सराव करून घ्या.

आणि इथेच एक कडक नियम. क्विक असिस्टसारखी साधनं लुबाडणारेही वापरतात. म्हणून: अनोळखी माणूस फोनवर असताना माउसला हात लावायचा नाही. बँक असो, पोलीस असो, ‘तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय’ असं म्हणणारा कोणी असो. फोन ठेवायचा, तुम्हाला लावायचा. भोंगा वाजवत सगळा पडदा व्यापणारी व्हायरसची खोटी पाटी आली तर एस्केप दाबून धरायचं. तरी गेली नाही तर बटण दाबून कॉम्प्युटर बंद, पाटीवरच्या नंबरला फोन नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार. हा आकडा मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सगळ्या साइट्सच्या नोटिफिकेशन एकदम बंद करा. कोपऱ्यातून उगवणाऱ्या बऱ्याच भीतीदायक पाट्या तिथूनच येतात, कधीतरी ‘अलाउ’ म्हटलेलं असतं.

तुम्हाला कुलूप हवं होतं, तर ते इथे थोडं घाला: बाबांचं खातं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं ठेवा, सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं खातं तुमच्याकडे. नको ते सॉफ्टवेअर बसायला त्यामुळे बऱ्यापैकी आळा बसतो. पुरता नाही, कारण काही प्रोग्राम आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन परवानगीशिवायही बसतात. पण रोजच्या वापरात ते आडवं येत नाही. काकूंच्या बाबतीत मी इथेच थांबायला हवं होतं.

विंडोज मराठीत करावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. करता येतं, भाषा उपलब्ध आहे. मी सहसा करत नाही. तुम्ही फोनवर ‘सेटिंग्ज’ म्हणणार, शेजारचा मुलगा ‘सेटिंग्ज’ म्हणणार, आणि पडद्यावर शब्द दुसराच. हेडक्लार्कला इंग्रजी वाचता येतं. ज्यांना येत नाही, अशा दोघा-तिघांना मी मराठी करून दिलं आणि ते खूश आहेत, पण त्यांना शिकवणारा मी एकटाच आहे.

एक राहिलं, भिंतीवरचा बोर्ड. वीज वाचवायची सवय लागलेली पिढी. काम झालं की खट्कन मेन बटण बंद, मग आत अपडेट चालू असो नाहीतर फाइल लिहिणं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन कॅबिनेटचं बटण दाबल्यावर ‘शट डाउन’ होईल असं ठरवून द्या. मग सूचना एकच: इथे एकदा दाबा, दिवा विझू द्या, मग बोर्ड बंद करा. ही सूचना बहुतेकांना एकदा सांगून पुरते, कारण वीज वाचतेच.

या सगळ्याची वही त्यांच्याच हस्ताक्षरात होऊ द्या, तुमच्या नको. तुम्ही छापून दिलेला कागद ते जपून फाइलला लावतील आणि उघडणार नाहीत. त्यांनी स्वतः लिहिलेलं ‘काही उगवले की एस्केप’ त्यांना सापडतं. गुरुजींच्या वहीत तारीखवार नोंदी असायच्या: काय झालं, काय केलं, आलं की नाही. तीन महिन्यांनंतर ती बघितली तर माझ्याकडे येण्याआधीच अर्ध्याहून जास्त ठिकाणी ‘आलं’ लिहिलेलं होतं.

सगळं एका दिवसात करू नका. पहिल्या भेटीत मागे बसून बघणं, ओढण्याचा आकडा, स्टँडर्ड खातं, बॅकअप आणि एस्केप-झेडचा खेळ, बास. कीबोर्डचं दुसऱ्या दिवशी. आणि मला दोन गोष्टी कळवा: माउस आहे की टचपॅड, आणि मराठी टाइप करताना ‘क’ कुठल्या बटणावर शोधतात. दुसऱ्याचं उत्तर त्यांना विचारून नको, त्यांचं बोट कुठे जातं ते बघून द्या.